एक जानेवारी 1970, पहाटे साडेपाच

जुन्या मोबाईलमधले फोटो नव्या मोबाईलमध्ये आणले, की एखाद्या फोटोखाली कधी कधी 1 जानेवारी 1970 अशी तारीख दिसते. वेळ पहाटे साडेपाचची. फोटो तर गेल्या दिवाळीतला असतो. एखाद्या ॲपवरच्या 'शेवटचा व्यवहार' या रकान्यातही हीच तारीख भेटते. चुकायचेच होते तर कुठलीही तारीख चालली असती. मग नेमकी हीच का? आणि रात्रीचे बारा सोडून पहाटेचे साडेपाच का?

हीच नोंद न्यू जर्सीतल्या नातेवाइकाच्या मोबाईलवर 31 डिसेंबर 1969, संध्याकाळी 7 अशी दिसेल. लंडनमध्ये ती 1 जानेवारीला रात्री 1 वाजताची दिसेल. तिन्ही मोबाईल एकच आकडा वाचत असतात, आणि तो आकडा आहे शून्य.

या शून्याची गोष्ट नीट समजली, की तारखा आणि वेळा हाताळणाऱ्या संगणकीय स्क्रिप्ट कुठे घसरतात तेही समजते. स्क्रिप्ट म्हणजे थोडक्या ओळींत लिहिलेला, लगेच चालवता येणारा प्रोग्रॅम. बँकेच्या रोजच्या अहवालापासून शाळेच्या हजेरीपर्यंत कितीतरी कामे अशा स्क्रिप्ट करतात. इथे मुख्यतः पायथन ही भाषा घेतली आहे. आज्ञांची नावे देवनागरीत दिली आहेत, प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांत लिहायची.

शून्यापासूनची मोजणी

संगणकाच्या पोटात बहुतेक वेळा तारीख नसते, एक मोजणी असते. 1 जानेवारी 1970 रोजी ग्रीनिचच्या मध्यरात्री ही मोजणी शून्यावर धरली आहे आणि तेव्हापासून ती दर सेकंदाला एकाने वाढते. व्यवहारापुरती ग्रीनिचची ही वेळ म्हणजेच यूटीसी. जगातली सगळी घड्याळे या वेळेच्या किती पुढे किंवा मागे आहेत, यावरून ओळखली जातात. भारताचे घड्याळ साडेपाच तास पुढे, म्हणून तारीख हरवलेल्या फोटोच्या रकान्यात शून्य पडले की आपल्याला पहाटेचे साडेपाच दिसतात. लंडनला रात्रीचा एक दिसतो, कारण 1968 ते 1971 या काळात ब्रिटनने आपली घड्याळे बारा महिने एक तास पुढे ठेवली होती. आजच्या मोबाईलला तेव्हाची ही गोष्ट कशी ठाऊक, ते पुढे येईलच.

महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांचे असेच असते. एका ठिकाणापासून मोजणी सुरू होते, पुढे गावाचे नाव बदलो वा तालुका, दगडावरचा आकडा तोच राहतो. संगणकाचा 'टाइमस्टॅम्प' हा तो दगड. तारीख, वार आणि वाजले किती हे दगडाशेजारच्या गावाचे नाव. अब्जावा सेकंद 9 सप्टेंबर 2001 रोजी आला. तेव्हा भारतात सकाळचे 7 वाजून 16 मिनिटे 40 सेकंद झाले होते, आणि जगातल्या प्रत्येक संगणकाच्या लेखी तो एकच क्षण होता.

1970 हे साल मात्र सुरुवातीपासून ठरलेले नव्हते. बेल लॅब्जमध्ये त्या सुमारास युनिक्स प्रणाली घडत होती. तिच्या 1971 च्या पहिल्या पुस्तिकेत मोजणीचा आरंभ 1971 च्या पहिल्या दिवशी होता, आणि मोजायचे होते ते सेकंदाचे साठावे भाग. 32 बिटांच्या जागेत ही मोजणी सव्वादोन वर्षांत भरून वाहिली असती. मग पुढे एकक सेकंदाचे झाले आणि आरंभ 1970 ला स्थिरावला. तरी 32 बिटांची मर्यादा जुन्या यंत्रांत राहिलीच. तिथे शेवटचा मावणारा सेकंद 19 जानेवारी 2038 रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी 8 वाजून 44 मिनिटे 7 सेकंदांनी येईल, आणि पुढच्या सेकंदाला ते यंत्र डिसेंबर 1901 दाखवू लागेल. पायथनमध्ये पूर्णांकांना अशी सीमा नाही, पण त्याखालचे यंत्र किंवा जुनी फाईल कशी आहे यावर बरेच अवलंबून असते.

एक धोका मात्र रोजचा आहे. पायथन सेकंद मोजते, जावास्क्रिप्ट मिलिसेकंद. समजा पायथनने 1,700,000,000 हा टाइमस्टॅम्प दिला. भारतात ती 15 नोव्हेंबर 2023 ची पहाट. तोच आकडा जावास्क्रिप्टने मिलिसेकंद समजून वाचला, तर पडद्यावर येते 20 जानेवारी 1970. म्हणून तारीख 1970 च्या जानेवारीतली, पण पहिल्या दिवसाची नसेल, तर हजाराने गुणायचे राहिले का ते आधी पाहावे.

दूध कोणत्या तारखेचे?

समजा, एका गावातल्या दूध संस्थेने संकलनाची नोंद संगणकावर आणली. शेतकरी दूध घालतो, फॅट मोजली जाते, लिटर आणि दर नोंदला जातो, आणि स्क्रिप्ट 'डेट.टुडे' या आज्ञेने आजची तारीख टाकते. नोंद जाते इंटरनेटवरच्या भाड्याच्या सर्व्हरवर. असे सर्व्हर बहुधा यूटीसीवर लावलेले असतात, आणि 'टुडे' म्हणजे ज्या यंत्रावर स्क्रिप्ट चालते त्या यंत्राचा 'आज'.

11 तारखेला पहाटे 5:10 वाजता पहिला शेतकरी किटली घेऊन येतो. सर्व्हरच्या घड्याळात तेव्हा 10 तारखेचे रात्रीचे 11:40 झालेले असतात, म्हणून त्याचे दूध 10 तारखेला पडते. पस्तीस मिनिटांनी, 5:45 ला त्याचा शेजारी येतो. त्याचे दूध बरोबर 11 तारखेला जाते. संस्था दर दहा दिवसांनी बिल काढत असेल, तर एकाच सकाळचे दूध दोन बिलांत विभागले गेले. फक्त त्या दिवशीच लवकर आलेल्याच्या नावावर 10 तारखेला तीन वेळचे दूध आणि 11 तारखेला फक्त संध्याकाळचे. दोघांच्या पासबुकांत मेळ नाही, आणि भांडण लागते ते दूध मोजणाऱ्या माणसाशी.

ही चूक सापडणे अवघड, कारण सचिव कार्यालयात येतो दहाला. तो स्क्रिप्ट चालवून पाहतो, तारीख अगदी बरोबर येते. दिवसाच्या चोवीस तासांपैकी साडेअठरा तास ती बरोबरच असते. मध्यरात्रीपासून साडेपाचपर्यंतच ती एक दिवस मागे पडते, आणि त्या वेळी तपासायला कोणी बसलेले नसते.

यावर पायथनमधला उपाय एका ओळीचा आहे. 'डेटटाइम.नाउ' या आज्ञेला कंसात 'एशिया/कोलकाता' हा टाइमझोन द्यायचा, आणि मिळालेल्या वेळेतून तारीख काढायची. मग सर्व्हर मुंबईत असो की आयर्लंडमध्ये, संस्थेचा 'आज' संस्थेच्या गावचाच राहतो.

> चौकट : पायथनमध्ये काय कशासाठी
>
> 'डेट' फक्त वर्ष, महिना, दिवस ठेवते. जन्मतारीख किंवा सुटीचा दिवस यांना एवढे पुरते.
>
> 'डेटटाइम' तारखेबरोबर वाजले किती तेही ठेवते. सोबत टाइमझोन असेल तरच तो जगातला नेमका एक क्षण होतो.
>
> 'टाइमडेल्टा' म्हणजे दोन क्षणांमधले अंतर, दिवस आणि सेकंदांत.
>
> 'झोनइन्फो' म्हणजे त्या त्या प्रदेशाच्या घड्याळाचे नियम. 2020 साली आलेल्या पायथन 3.9 पासून ते भाषेतच मिळतात.

टाइमझोन नसलेल्या डेटटाइमला पायथनची भाषा 'नाइव्ह' म्हणते आणि असलेल्याला 'अवेअर'. पहिला म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाचे वाचन. भिंत कुठल्या देशातली ते त्याला ठाऊक नाही. एकातून दुसरा वजा करू पाहिला तर पायथन उत्तर देत नाही, चूक दाखवून थांबते. नवशिक्यांना याचा राग येतो. मला मात्र ही या भाषेतली फार मोलाची गोष्ट वाटते. काहीतरी गृहीत धरून दिलेल्या चुकीच्या उत्तरापेक्षा वेळीच मिळालेला नकार कितीतरी बरा.

तरीही एक फट बरीच वर्षे उघडी होती. 'यूटीसीनाउ' ही आज्ञा यूटीसीची वेळ द्यायची, पण तिच्यावर यूटीसी असा शिक्का मारायची नाही. त्या वेळेचा टाइमस्टॅम्प काढायला गेले, की पायथन तिला स्थानिक वेळ समजायचे. यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरवर काही बिघडत नसे. पुण्यातल्या लॅपटॉपवर मात्र उत्तर बरोबर 19,800 सेकंदांनी चुकायचे, म्हणजे साडेपाच तासांनी. अखेर 2023 च्या पायथन 3.12 मध्ये ही आज्ञा वापरू नका अशी सूचना आली. दोन नोंदींमधला फरक 19,800 निघाला, तर चूक टाइमझोनची आहे असे भारतात तरी डोळे मिटून समजावे.

टाइमझोन म्हणजे नुसता आकडा नव्हे

साडेपाच तास मिळवायचेच आहेत, तर 5:30 हा आकडाच स्क्रिप्टमध्ये का लिहू नये? 'एशिया/कोलकाता' या लांबलचक नावाची गरज काय?

गरज अशी, की एका जागेच्या घड्याळालाही इतिहास असतो. भारतीय प्रमाणवेळ 1 जानेवारी 1906 रोजी लागू झाली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घड्याळे आणखी एक तास पुढे केली गेली. पायथनला 15 जानेवारी 1943 ची दुपार 'एशिया/कोलकाता'मध्ये विचारून पाहा. उत्तरात यूटीसीपासूनचे अंतर साडेसहा तास येते. 15 ऑक्टोबर 1945 नंतरची तारीख द्या, पुन्हा साडेपाच. हे सारे एका सार्वजनिक माहितीसाठ्यात आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी 1980 च्या दशकात तो सुरू केला, पॉल एगर्ट यांनी पुढे सांभाळला, आणि 2011 पासून इंटरनेटचे आकडे-नावे सांभाळणाऱ्या आयाना या व्यवस्थेकडे तो आहे. जगभरचे मोबाईल आणि संगणक त्याच्याच प्रती वापरतात. लंडनच्या मोबाईलला 1970 मधला तो जादा तास इथूनच कळतो.

या साठ्यात 'एशिया/मुंबई' मात्र नाही. 1970 नंतर ज्या प्रदेशांची घड्याळे वेगळी चालली, त्यांनाच स्वतंत्र नाव द्यायचे असा त्याचा नियम आहे, आणि तोवर सारा भारत एका वेळेवर आला होता. मुंबईने तर स्वतःची वेळ 1955 पर्यंत टिकवून धरली होती. ती प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागे चाले. तेव्हा एखाद्या जुन्या मुंबईकराच्या जन्माच्या नोंदीत 'मुंबई टाइम' असे लिहिलेले असेल, तर ती 39 मिनिटे आपल्यालाच मिळवावी लागतात. पायथन ती मिळवणार नाही.

याच इतिहासाने एक विलक्षण चूक घडवली आहे. झोनइन्फो येण्यापूर्वी पायटीझेड नावाचे पॅकेज सर्रास वापरात होते. त्यातला टाइमझोन डेटटाइमला थेट चिकटवला, तर तो साठ्यातली पहिली नोंद उचलायचा. कोलकात्याची पहिली नोंद म्हणजे तिथली सूर्यावरून ठरणारी एकोणिसाव्या शतकातली स्थानिक वेळ, यूटीसीच्या 5 तास 53 मिनिटे पुढे. आजची बैठक 23 मिनिटांनी सरकलेली पाहून अनेकांनी डोके धरले आहे. त्या पॅकेजमध्ये यासाठी 'लोकलाइझ' ही वेगळी आज्ञा होती, आणि ती न वापरणे हेच चुकीचे मूळ.

परदेशातल्या माणसांशी जोडलेल्या कामांत घड्याळाचा हा इतिहास दरवर्षी पुढे लिहिला जातो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे तासाने पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. पुणे आणि न्यू जर्सी यांच्यातले अंतर उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. 2 नोव्हेंबर 2025 रोजी न्यू जर्सीत रात्रीचा दीड दोनदा वाजला. पहिला दीड की दुसरा, हे सांगायला पायथनच्या डेटटाइममध्ये 'फोल्ड' नावाचा छोटा रकाना आहे: पहिल्यासाठी शून्य, दुसऱ्यासाठी एक.

आता एक प्रयोग. न्यूयॉर्कच्या टाइमझोनमध्ये 8 मार्च 2025, रात्री 8 ही वेळ घेऊन तिच्यात 24 तास मिळवा. पायथन सांगते 9 मार्च, रात्री 8. मधल्या रात्री घड्याळ तासाने पुढे गेले, म्हणजे खरे तास गेले 23. पायथनने घड्याळाचे काटे मोजले, लोटलेला काळ नाही. रोज रात्री 8 च्या गोळीची आठवण द्यायची असेल तर हेच उत्तर योग्य. पण प्रयोगशाळेत 24 तास ठेवायचा नमुना असेल, तर वेळ आधी यूटीसीत न्यायची, तिथे बेरीज करायची, आणि दाखवण्यापुरते परत स्थानिक वेळेत आणायचे.

जुन्या घटना यूटीसीत साठवाव्यात हे सगळे सांगतात, आणि ते बरोबर आहे. भविष्यातल्या भेटींना मात्र तेच लावू नये. पुढच्या वर्षी न्यू जर्सीत सकाळी दहाला कार्यक्रम आहे, आणि दरम्यान तिथल्या सरकारने घड्याळाचा नियम बदलला, तर लोक त्यांच्या दहाला जमतील. यूटीसीत गोठवलेली वेळ तेव्हा चुकीची ठरते. अशा वेळी 'सकाळी 10' आणि टाइमझोनचे नाव, दोन्ही जसेच्या तसे साठवायचे.

31 जानेवारीनंतर एक महिना

टाइमडेल्टामध्ये दिवस आहेत, आठवडे आहेत, महिना नाही. कारण महिना हे ठरावीक लांबीचे मापच नाही. 31 जानेवारीच्या कर्जाचा पुढचा हप्ता कधी? जावास्क्रिप्टमध्ये 31 जानेवारी 2025 चा महिना फेब्रुवारी करा, 3 मार्च मिळेल. 31 फेब्रुवारी नसते, म्हणून उरलेले तीन दिवस पुढे ढकलले जातात. त्या भाषेत महिने शून्यापासून मोजले जातात, फेब्रुवारी म्हणजे 1, हा आणखी एक सापळा. पायथनसाठीच्या डेटयुटिल या पॅकेजमधले 'रिलेटिव्हडेल्टा' मात्र 28 फेब्रुवारी देते.

यातले कुठले उत्तर बरोबर, ते कर्जाच्या करारावर अवलंबून आहे. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने फक्त एक काळजी घ्यावी: प्रत्येक हप्ता मूळ तारखेपासून मोजावा. 28 फेब्रुवारीत पुन्हा एक महिना मिळवला, तर 28 मार्च येतो आणि 31 तारीख कायमची हरवते. मूळ 31 जानेवारीत दोन महिने मिळवले, तर 31 मार्च मिळतो.

अक्षरांत लिहिलेली तारीख

03/04/2025 म्हणजे आपल्याकडे 3 एप्रिल, अमेरिकेत 4 मार्च. महिन्यातल्या पहिल्या बारा दिवसांत स्क्रिप्ट बिनतक्रार चालते आणि चुकते; तेराव्या दिवशी तेरावा महिना सापडत नाही म्हणून अडते. 1988 साली आलेल्या आयएसओ 8601 या प्रमाणाने वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठरवला. फाईलच्या नावात तारीख घालायची तर हाच क्रम घालावा. नावे अक्षरक्रमाने लावली, तरी आपोआप कालक्रमानेच लागतात.

पायथनमध्ये मजकुरातून तारीख वाचताना किंवा मजकुरात लिहिताना साचा द्यावा लागतो. त्यात लहान एम म्हणजे महिना आणि मोठा एम म्हणजे मिनिट. जुलैत कुणी मिनिटाच्या जागी लहान एम टाकला, तर दिवसभरच्या नोंदी 10:07, 11:07, 12:07 अशा दिसत राहतात. नवल म्हणजे अशा नोंदी खऱ्या वाटतात.

दोन आकडी वर्षाचा नियमही जपून वापरायला हवा. 69 ते 99 म्हणजे 1969 ते 1999, आणि 00 ते 68 म्हणजे 2000 ते 2068, असे पायथन धरते. निवृत्तिवेतनाच्या यादीत 12/06/55 अशी जन्मतारीख असेल, तर त्या आजोबांचा जन्म 2055 साली होतो आणि वय उणे निघते. जुन्या कागदांवरून यादी उतरवताना चार आकडी वर्ष टाकण्याचा कंटाळा करू नये, तो याचसाठी.

1630 सालचा वार

शिवाजी महाराजांची जन्मतारीख 19 फेब्रुवारी 1630. पायथनला त्या दिवसाचा वार विचारला, तर ते मंगळवार सांगते. जेधे शकावलीत मात्र फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद आहे. यातले चूक कोण?

दोन्ही बरोबर आहेत. पोप ग्रेगरी यांनी 1582 मध्ये सुधारित कॅलेंडर लागू केले, पण इंग्रजांनी ते 1752 पर्यंत स्वीकारले नाही. आपल्याकडच्या शिवकालीन इंग्रजी तारखा जुन्या, ज्युलियन कॅलेंडरप्रमाणे देण्याचा प्रघात आहे. पायथनला ज्युलियन कॅलेंडर ठाऊकच नाही. आजचे ग्रेगरियन नियमच मागे ताणत ते थेट इसवी सन 1 पर्यंत जाते. सतराव्या शतकात या दोन कॅलेंडरांत दहा दिवसांचा फरक होता. म्हणजे ज्युलियन 19 फेब्रुवारी 1630 हा दिवस ग्रेगरियन हिशोबात 1 मार्च 1630. पायथनला 1 मार्च 1630 चा वार विचारा, शुक्रवार येतो.

बखरी, शकावल्या आणि कंपनीच्या पत्रव्यवहारातल्या तारखा संगणकावर आणण्याचे काम हाती घेणाऱ्यांनी तारखेशेजारी 'ज्युलियन की ग्रेगरियन' असा एक रकाना पहिल्या दिवसापासून ठेवावा. सुरतेच्या इंग्रज वखारीचे पत्र जुन्या कॅलेंडरचे आणि गोव्याच्या पोर्तुगीजांचे पत्र नव्या कॅलेंडरचे असेल, तर एकाच दिवशी लिहिलेल्या त्या दोन पत्रांवर दहा दिवसांच्या अंतराच्या तारखा असतात. रकाना नसेल तर स्क्रिप्ट त्यांचा क्रम लावताना आधीचे पत्र नंतर टाकते, आणि उत्तर प्रश्नाच्या आधी येऊन बसते.